दातवाली गप्प राहिली

९ फेब्रुवारी

अहो लेखकमहाशय,

बातमी आधी, तक्रार नंतर. तुमच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती संपत आली आहे आणि दुसरी मार्चच्या मध्याला छापायला जाणार आहे. हे मला काल प्रकाशकबाईंनी स्वतः फोनवर सांगितलं, तेव्हा ऐकीव म्हणून झटकून टाकू नका. वर म्हणाल्या, "काही चुका राहिल्या असतील तर महिनाअखेरपर्यंत कळवा, तुमची नजर चांगली आहे." जन्मभर वर्तमानपत्राच्या टेबलावर बसून दुसऱ्यांच्या चुका काढल्या त्याचं हे फळ. ज्या पुस्तकावर माझं नाव नाही, त्याच्याही चुका आता मीच काढायच्या.

चूक राहिली आहे. एकच आहे, पण ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पसरलेली आहे. तुम्ही दातवालीची जीभ कापलीत.

तुम्ही विसरलेले दिसता, म्हणून आठवण करून देते. पहिलं पुस्तक आपण दोघांनी लिहिलं. एक कुलूपवाला, एक दाताची डॉक्टरीण. ती स्वतःच्या दवाखान्यातल्या औषधांच्या खोलीत अडकते आणि तो दार उघडायला येतो. तो बाहेरून विचारतो, "आत कोण आहे?" ती म्हणते, "जिला बाहेर यायचंय ती." या एका वाक्यावर लोकांनी आपल्याला डोक्यावर घेतलं. लग्नाच्या वाढदिवसाला नवऱ्यांनी बायकांना ते पुस्तक दिलं. माणसं एकमेकांना 'आमचा कुलूपवाला', 'आमची दातवाली' म्हणायला लागली.

आणि ते लिहिलं कसं, हेही तुम्ही विसरलात. पहिल्या दिवशी मी बाईची वाक्यं लिहिली, तुम्ही बाप्याची, आणि दोघंही इतकी गुणी निघाली की वाचून झोप आली. मग मी म्हटलं, उलट करू. माझं बोलणं तुम्ही लिहा, तुमचं मी लिहिते. त्या दिवसापासून दातवाली तुमची आणि कुलूपवाला माझा. तुम्ही तिचं एक वाक्य लिहायचात, खाली माझ्या माणसासाठी दोन बोटं जागा कोरी सोडायचात आणि कागद टेबलावरून माझ्याकडे सरकवायचात. मी ती जागा भरून, खाली दोन बोटं सोडून, कागद परत सरकवायची. लोकांना आजही वाटतं की ती तिखट बाई मी लिहिली. नाही. ती तुम्ही लिहिलीत. तुमच्याइतकं कोणी माझं बोलणं ऐकलं नाही, हे मी तेव्हाही कबूल केलं होतं, आताही करते.

मग आता काय झालं? दुसऱ्या भागात ही बाई चारशे पानं गप्प आहे. तो बोलतो आणि खाली छापलंय, 'दातवाली गप्प राहिली.' तो पुन्हा बोलतो, पुन्हा, 'ती काहीच बोलली नाही.' फारच झालं तर, 'तिने खिडकीबाहेर पाहिलं.' इतकी काय मजा होती त्या खिडकीबाहेर? दवाखाना बंद करते तेव्हा गप्प. पिशवी भरते तेव्हा गप्प. घर सोडून कायमची निघून जाते तेव्हा तरी एक शब्द? नाही. आणि माझा कुलूपवाला, जो पहिल्या पुस्तकात 'हं' म्हणूनसुद्धा माणसांना हसवायचा, तो इथे पानंच्या पानं मन मोकळं करतो, रडतो, खुलासे देतो. मी माझा माणूस चांगला धडधाकट तुमच्या घरी ठेवून आले होते. त्याचं हे काय करून ठेवलंत?

पहिल्या आवृत्तीत काहीही चालतं, माणूस म्हणतो घाई झाली असेल. दुसरी आवृत्ती निघाली की तेच खरं ठरतं. मग ती बाई मुकी होती आणि मुकीच निघून गेली, हे कायमचं. माझं मागणं एवढंच आहे: छापायला जाण्याआधी तिला तिचं तोंड परत द्या. जायचं असेल तर जाऊ दे तिला, पण बोलून जाऊ दे.

टेबलावर आपण 'ए' आणि 'तू' होतो, टेबलावरून उठलं की 'अहो'. टेबल तुमच्याकडे राहिलं, म्हणून हे पत्र 'अहो'चं आहे.

तुमची,
एके काळची निम्मी लेखिका


१३ फेब्रुवारी

अहो,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. छकुली म्हणाली, "बाबांनी पत्र वाचलं, घडी घातली, चष्म्याच्या घरात ठेवलं." चष्मा कुठे ठेवला मग? जाऊ दे, मला काय.

परवा काय झालं ते ऐका, म्हणजे तुमच्या पुस्तकाने माझ्या जिवाला काय घोर लावलाय ते कळेल. माझी खालची दाढ ठणकत होती. इथे जवळच्या चौकात एक नवी दवाखानेवाली आली आहे, चुणचुणीत मुलगी. तिने मला खुर्चीत आडवं केलं, इंजेक्शन टोचलं, तोंडात आरसा घातला, नळी घातली, आणि मग, तिचे दोन्ही हात माझ्या तोंडात असताना, विचारलं, "त्या पुस्तकातल्या तुम्हीच ना?"

मी म्हटलं, "आँ."

"वाटलंच मला. माझ्या आईने वाचून दाखवलं होतं. मी दातांकडे वळले ती त्या दातवालीमुळे, माहितीय? जरा मोठं उघडा. पण काकू, दुसऱ्या भागात तुम्ही तिला अशी का केलीत हो? नवऱ्याने काही केलं का तिला?"

"आँ."

"वाटलंच मला. असतातच असे. चूळ भरा."

मी चूळ भरली आणि सांगायला तोंड उघडलं की बाई गं, दुसरा भाग माझा नाही, तर तिने पुन्हा नळी घातली. अर्धा तास तिने प्रश्न विचारले आणि माझ्या वतीने उत्तरंही तिनेच दिली. जाताना म्हणाली, "बोलून बरं वाटलं तुमच्याशी."

तिथून औषधांच्या दुकानात गेले. तुम्हाला तो जाडा औषधवाला माहीत नसेल, मी इकडे राहायला आल्यापासूनचा आहे. माझा अर्धा जबडा बधिर. मी चिठ्ठी पुढे केली. त्याने गोळ्या काढल्या, पण पिशवी काही सोडेना हातातून. "ताई, एक विचारू? आमच्या घरी दोन दिवस अबोला झाला तुमच्यामुळे. बायको म्हणते ती गेली ते बरं झालं. मी म्हणतो, अगं पण का गेली ते तरी सांगावं की नाही माणसाने. बिचारा दाराबाहेर बसून एवढं बोलतोय आणि ही आतून हूं नाही की चूं नाही. इतकी कसली घमेंड?" रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "घमेंड नाही हो, दमली असेल." तिसरा म्हणाला, "दुसरा भाग काढायचाच कशाला म्हणतो मी. पैसा, दुसरं काय." आणि मी उभी. बोलायला गेले तर ओठाच्या कडेने पाणी आलं, शब्द नाही. सगळे माझ्याकडे असे बघत होते, जणू दातवालीनेच पुन्हा एकदा गप्प बसून दाखवलं.

एका दिवसात दोनदा दुसऱ्यांनी माझ्या वतीने बोलून घेतलं आणि मला तुमची आठवण झाली. चांगली आठवण नव्हे.

वाचनालयातला तो कार्यक्रम. एका मुलीने उठून मला विचारलं, नीट नाव घेऊन, मलाच: "लिहिताना तुम्हाला सगळ्यांत अवघड काय वाटतं?" मी विचार करत होते. खरोखर विचार करत होते, कारण आजवर कोणी मला ते विचारलं नव्हतं. आणि तुम्ही माझ्यासमोरचा माइक ओढून म्हणालात, "हिला अवघड काही वाटत नाही. हिला फक्त माझं अक्षर लागत नाही." सभागृह हसलं. मीही हसले. वाक्य चांगलं होतं. दातवालीने अगदी असंच म्हटलं असतं. कदाचित मलाही तेच सुचलं असतं, सुचायला वेळ मिळाला असता तर.

तोवर हे रोजचंच झालं होतं. वायरमन विचारायचा, "बाई, बटण कुठे बसवू?" आणि आतल्या खोलीतून तुमचा आवाज, "तिला डावीकडे आवडतं." माझी बहीण फोनवर विचारायची, "येतेस का गं?" आणि तुम्ही मागून, "नाही येणार, तिला तुझा जिना चढवत नाही." आणि तुमचं उत्तर बरोबर असायचं, हीच तर चीड. दर वेळी बरोबर. चुकला असतात तर भांडता आलं असतं. बरोबर उत्तर देणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? भांडून गेले असते तर लोकांनाही समजलं असतं. मी नुसतीच गेले, दोन खोल्या घेतल्या, इथे बटणं उजवीकडे आहेत आणि मला ती चालतात.

एवढं सगळं झाल्यावर, जिच्या तोंडात तुम्ही उठता बसता शब्द घालत होतात, तिला आता एकही शब्द सुचू नये तुम्हाला? माझ्यासाठी इतकं बोलून घेतलंत की संपलं सगळं?

दाढ बरी आहे. विचारली नाहीत तरी सांगते.


१८ फेब्रुवारी

अहो,

काल छकुली येऊन गेली. तुमच्याकडून सरळ माझ्याकडे आली, म्हणजे हेर दोन्हीकडचा पगार घेतो आहे. पायातले बूट काढायच्या आधी म्हणाली, "आई, तू बाबांना छळतेयस असं मला वाटतं."

मी म्हटलं, "पत्र लिहिणं म्हणजे छळ?"

"तुझं पत्र म्हणजे, हो."

मग चहा झाला, आणि तिने पुस्तकच काढलं पिशवीतून. तिच्या प्रतीला पानापानावर खुणा. मला म्हणाली, "शेवटचं प्रकरण तू नीट वाचलंस?"

वाचलं की. नीट वाचलं म्हणून तर डोकं फिरलं. दातवाली घर सोडून दवाखान्यातल्या त्याच औषधांच्या खोलीत, दार बंद. कुलूपवाला बाहेर. त्याच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा, हातात तीच जुनी पेटी. पहिल्या पुस्तकात त्याने हेच दार केसातल्या आकड्याने उघडलं होतं, तेही गप्पा मारता मारता. आणि इथे हा माणूस दाराला पाठ टेकून जमिनीवर बसतो आणि बोलत राहतो. लहानपणी शाळेत कसा घाबरायचा ते. बाप कसा वाक्य पुरं करू द्यायचा नाही ते. ती नसताना घरात कोणत्या आवाजाने जाग येते ते. आणि सगळ्यांत शेवटी विचारतो, "आत कोण आहे?" त्याखाली काय? 'आतून उत्तर आलं नाही.' संपलं पुस्तक.

मी छकुलीला म्हटलं, "कुलूपवाला आहे ना हा? मग उघड की दार. सगळ्या गावाची कुलपं उघडतो आणि बायकोच्या दारापुढे प्रवचन करतो. माझा माणूस असा नव्हता. माझ्या माणसाने मुकाट्याने बिजागऱ्या काढल्या असत्या."

ती म्हणाली, "उघडता येतं आणि उघडत नाही, आई. तेच तर आहे ना ते."

"मग तसं लिहायचं."

"तसंच लिहिलंय."

यावर मी कप विसळायला उठले. ती मागून आली. मोठी झाली तरी ओट्याला टेकून उभी राहायची सवय गेली नाही. म्हणाली, "बाबांना शाळेची भीती वाटायची, हे तुला माहीत होतं?"

मी नळ सोडला.

"बाबांना इतकं बोलायचं होतं, हे तुला माहीत होतं?"

मी म्हटलं, "बोलायचं होतं तर बोलायचं होतं. पुस्तकात कशाला?"

"तुझा कुलूपवाला 'हं' म्हणायचा म्हणून सगळे हसायचे ना? मग घरी पण आपण सगळे वाटच बघायचो, बाबा 'हं' कधी म्हणतात."

बघा, काय शिकवून पाठवलंत तिला. म्हणजे आता हेही माझ्याच माथी. स्वतः माझ्यासाठी अहोरात्र बोलत होतात, तेव्हा घसा बसला नव्हता. स्वतःचं बोलायची वेळ आली की 'हं'. मी काय तोंडावर हात ठेवला होता तुमच्या? आणि हे सगळं मला कळवायचं कुठे, तर बाजारात, मुखपृष्ठ घालून, जाड्या औषधवाल्याच्या बायकोने माझ्याआधी वाचावं म्हणून.

तर ते असो. जाताना छकुली म्हणाली, बाबांचा निरोप आहे. मला वाटलं, आलं शेवटी उत्तर. निरोप काय, तर 'प्रकाशकबाईंना जाऊन भेट.' एवढाच. चालत येण्यासारख्या अंतरावर राहणारा माणूस मुलीच्या तोंडून तीन शब्द पाठवतो, तेही तिसऱ्याच बाईकडे जायला सांगणारे.

जाणार आहे. पण तुम्ही सांगितलंत म्हणून नाही. मला त्यांना तोंडावर विचारायचंच आहे की असला मजकूर त्यांनी वाचून घेतला की वजन करून.


२२ फेब्रुवारी

आज सकाळी गेले होते. आत्ता परत आले, चप्पलही काढलेली नाही, म्हणून मायना नाही.

प्रकाशकबाईंचं कार्यालय आता वरच्या मजल्यावर गेलंय, काचेचं दार, आत एसी, पण खुर्ची त्यांची तीच, एका हाताला कापडी पट्टी गुंडाळलेली. मला बघून उठल्या. मी बसायच्या आधीच सुरू केलं: बाईला मुकी का केली, वाचून कोणी बघितलं होतं की नाही, तुम्हाला लाज कशी वाटली नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ती वाक्यं त्यांची नाहीत."

"कोणती?"

"'दातवाली गप्प राहिली.' आणि तशी सगळी. ती आमची आहेत."

मी म्हटलं, "म्हणजे?"

म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं, आणि सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. तुमच्याकडून मजकूर आला तेव्हा त्यात कुलूपवाल्याची सगळी वाक्यं होती आणि प्रत्येकाखाली जागा कोरी होती. पुस्तकभर. जुळणी करणाऱ्या बाईंना वाटलं संगणकाने ओळी खाल्ल्या. त्यांनी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "मुद्रितं जातील तेव्हा त्या जागा भरून येतील." बरोबर आहे. पहिल्या पुस्तकाच्या वेळी छपाईआधी तपासायची ती पानं माझ्याकडे यायची. मुद्रितं कायम मीच तपासली, तुम्ही कधी पाहिलीसुद्धा नाहीत. पण आता प्रकाशकबाई मुद्रितं बाहेर पाठवतच नाहीत. तिथल्या तिथेच दोन मुली वाचतात. जाहिरात होऊन गेलेली, समारंभाची तारीख ठरलेली, आणि जागा कोऱ्याच्या कोऱ्या. "कोरं तर छापता येत नाही," प्रकाशकबाई म्हणाल्या. "आम्हाला वाटलं त्यांना सुचलं नसेल, मोठ्या लेखकाला कसं म्हणायचं. म्हणून आम्ही... सौम्य काहीतरी घातलं."

सौम्य. माझी बाई बुडाली आणि या म्हणतात सौम्य.

मी म्हटलं, "एका शब्दाने मला विचारायचं होतंत."

त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघं बोलत नाही असं सगळ्यांना माहीत होतं. आम्हाला अवघड वाटलं."

मग मी विचारलं, पुस्तक छापून आल्यावर ते काय म्हणाले? तर त्या म्हणाल्या, "आले होते प्रती न्यायला. उभ्याउभ्याच शेवटचं पान उघडलं. बराच वेळ बघत होते. पाणी मागितलं. मग म्हणाले, 'छान छापलंय.'"

छान छापलंय?

आता तुझ्याशी नीटच बोलते. हो, 'तुझ्याशी'. टेबल नसलं तरी.

तू पूर्ण पुस्तक लिहिलंस, तुझं बोलणं पहिल्यांदा स्वतः लिहिलंस, आणि माझ्या सगळ्या जागा माझ्यासाठी मोकळ्या ठेवल्यास. माझं उत्तर तुला ठाऊक असताना. तुला दर वेळी ठाऊक असतं. एकही भरलं नाहीस. आणि हे मला सांगायचं तुला सुचलं नाही? पाकीट पाठवता येत होतं. छकुलीच्या हाती देता येत होतं. दारावर येता येत होतं. ते काही नाही. मुद्रितं आपोआप जातील, तिला आपोआप कळेल, ती आपोआप भरेल. आणि जेव्हा कळलं की कोणीतरी भलत्यानेच त्या जागा भरल्या, तेव्हा सगळ्या जगाने माझी बाई घमेंडखोर ठरवेपर्यंत तू पाणी पीत बसलास.

मी सर्वांवर चिडले आहे. प्रकाशकबाईंवर, त्या दोन मुलींवर, औषधवाल्यावर. पण त्यांच्यावरचा राग संध्याकाळपर्यंत जाईल. तुझ्यावरचा जात नाही, कारण तो कुठे ठेवावा तेच मला कळत नाही. इतके दिवस तो एका जागी नीट बसवला होता. तू माझ्यासाठी बोलतोस, म्हणून मी गेले, हे माझं स्वच्छ वाक्य होतं. तू त्याच्याखाली दोन बोटं जागा सोडलीस.

प्रकाशकबाईंना मी एवढंच म्हटलं की दुसरी आवृत्ती थांबवा. त्या म्हणाल्या, "थांबवता येणार नाही, फार तर पंधरवडा पुढे ढकलता येईल, आणि तोही त्यांचं पत्र आलं तर."

तर पत्र दे. त्यांना दे, मला नको.


२६ फेब्रुवारी

ए,

प्रकाशकबाईंचा आज फोन आला. तुझं पत्र पोचलं. आवृत्ती पंधरवडा पुढे गेली, आणि मूळ मजकूर, कोऱ्या जागांसकट, त्यांनी माझ्याकडे पाठवला आहे. माझ्या पलंगावर पडलेला आहे. मी पहिलंच पान काढलं, पेन काढलं, आणि तासभर बसून राहिले. एक शब्द नाही. मग मला राग आला, नेहमीसारखा. हे असं एकटीने कागदावर होत नाही. समोरून कोणी कागद सरकवल्याशिवाय मला कधी सुचलंय? औषधवाल्यासमोर तोंड बधिर होतं, ते समजू शकते. इथे तर इंजेक्शनही नव्हतं.

छकुली म्हणते, बाबांनी टेम्पोवाल्याशी बोलून ठेवलंय, शनिवारी सकाळी टेबल तिकडून इकडे आणणार आहेत. मला न विचारता. बघ, पुन्हा तेच. पण उत्तर बरोबर आहे, त्यामुळे सोडून देते. मात्र काही गोष्टी तुला माहीत नाहीत, त्या ऐक.

टेबल लिफ्टमध्ये मावणार नाही, मी मापून बघितलं. जिन्याने आणावं लागेल, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या वळणावर आधी पाय काढावे लागतील. टेबलाचे, तुझे नाही. हमालाच्या अंगावर ओरडू नकोस. खुर्ची माझ्याकडे एकच आहे, तुझी तू आण. खिडकीकडची बाजू माझी. इथे दिवा उजवीकडे लागतो, तुला सावली पडेल, सवय करून घे.

आणि पद्धत ठरवून घेऊ. कुलूपवाला आता तुझा. त्याला पानंच्या पानं बोलू दे, मी एक शब्द कापणार नाही. तो शाळेचा मजकूर तर मी तुझ्या तोंडून मोठ्याने ऐकणार आहे, दोनदा. दातवाली माझी. तिची वाक्यं तुला सुचली तरी तू ती ओठांत दाबायचीस. मला वेळ लागेल. चहा निवेल इतका लागेल. त्या वेळात तू खिडकीबाहेर बघ. दातवालीने चारशे पानं बघितलं, तूही बघ जरा.

शेवटी ती जाते की राहते, ते मला अजून माहीत नाही. तू विचारू नकोस, आणि मुख्य म्हणजे तूच सांगू नकोस. शेवटच्या पानावरच्या प्रश्नाचं उत्तर मी इथे लिहीत नाही. ते टेबलावर.

तर शनिवारी. टेम्पोवाला सकाळी येतो म्हणतोय म्हणजे दुपार धरून चालते. माझ्या दाराची कडी घट्ट बसते, बाहेरून ढकलून उघडत नाही. तुझ्या कुलूपवाल्याची पेटी आणू नकोस. हाक मार. आतून मीच उघडेन.